हजेरीपटावरचे काका

पत्र चोपड्याहून आलं. वाचलं मी,
घरात बारावीपर्यंत गेलेली मी एकटी.
श्री. खुमसिंग भायला पावरा, रोजंदारी वनमजूर,
यांना सेवेत कायम करण्यात येत आहे,
सात दिवसांत हजर व्हावे.

खुमसिंग म्हणजे काका.
जाळरेषा काढताना आग्यामोहोळ उठलं
त्या फाल्गुनात मी रांगत होते.

बाबा आधी हसले.
म्हणाले, बकऱ्या मी वळायचो
आणि शाबासकी त्याला, पहिल्यापासून असंच.
मग हात धुवायला गेले ते धूतच राहिले.
दिवसभर पिशव्या भरल्या होत्या,
दोन घमेली पोयटा, एक वाळू, एक शेणखत,
नखांतही तेच, त्याच मापानं.

गोष्ट अशी, की दिवस सलग भरू द्यायचे नव्हते.
सलग फक्त चर खणायचे, समतल.
माणसाला मध्ये खंड हवा.
म्हणून लासूरचा जुना कारकून
अर्धा महिना रेलसिंग लिहायचा, अर्धा खुमसिंग.
बाबा एकदा म्हणाले, साहेब, भाऊ तर वारला.
'नाव कोनं बी राहो,
पैसा तर तुलेच भेटी ना?'
आणि शाईची डबी पुढे सरकवली.

तो बदलून गेला धरणगावला.
पुढचा आला तो मागचं पान बघून
पुढचं पान लिहिणारा.
मागच्या पानावर नेमके त्या दिवशी काका होते.
मग अकरा वर्षं काकाच होते.
काकांनी कक्ष एकशे बावन्नमध्ये चोवीस हजार साग लावले.
काकांना ताप आला, दोन दिवस खाडा.
काकांना रोजचे पंचाहत्तर मिळाले, पुढे एकशे सात.
घरी आणले बाबांनी.

साहेब वाईट नव्हते. मला खुर्ची दिली.
म्हणाले, मयताचा दाखला आणा.
दाखला आणला की ऑर्डर मेली.
नाही आणला तर बाबा कोण?
मी म्हटलं, अंगठा बघा, सगळ्या पानांवर एकच आहे.
बाबांनी तो टेबलावर ठेवला,
कुणाची तरी हरवलेली वस्तू परत द्यावी तसा.
मशीन तीनदा म्हणालं, पुन्हा ठेवा.
रेषा पिशव्यांनी कधीच घासून नेल्या होत्या.

जुने हजेरीपट कपाटातून निघाले, वाळवी झटकून.
हीच वाळवी रोपांच्या खड्ड्यात मारायला
दरवर्षी पावडर यायची, बाबा हातानंच टाकायचे.
मी बोट फिरवत गेले. रेलसिंग. खुमसिंग. खुमसिंग. खुमसिंग.
आणि खाली, दोन वर्षं सलग,
गुमान भुरला बारेला.

हा कोण, मी विचारलं.
तोपण मीच असेन, बाबा म्हणाले.
जिन्यापर्यंत आलो तेव्हा थांबले.
नाही, म्हणाले, गुमान खरा होता.
त्याला खोकला होता. गुजरातेत गेला उसाला.
वर जाऊन सांग त्यांना,
तो खरा होता.