एक तास पुढे

एल्सवर्थ सोडलं की ट्रक विरळ होतात,
रस्ता दोन पदरांवर येतो
आणि मग एका वळणावर फळकुटाचं दुकान.
माणूस नाही. कॉफीचा जुना डबा, झाकणाला चीर,
खडूनं लिहिलेलं: सफरचंदं सहा डॉलर.
माझ्याकडे दहाची नोट.
सुटे देणार कोण?
डब्याशी घासाघीस करत मी जराशी उभी राहिले,
मग चार डॉलरचे दोन भोपळे उचलले
आणि हिशेब मिटवला.

पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली तर
गाडी टिंग टिंग करू लागली:
कोणीतरी बसलंय, पट्टा लावलेला नाही.
कोणी नाही गं बाई, म्हटलं,
पण ती ऐकेना.
लावला पट्टा सफरचंदांना. गप्प झाली.

त्या सीटवर बावीस वर्षं मी बसले,
मांडीवर नकाशा, नंतर मांडीवर फोन.
चुकलेली प्रत्येक एक्झिट माझी,
वेळेवर सापडलेली त्याची.
मुकुंद आता फ्लोरिडात असतो. हवा मानवते त्याला.
सत्तेचाळिसाव्या वर्षी मला गाडी शिकवली
नॅशुआच्या म्हाताऱ्या ऊएलेटनं,
जो ब्रेकवर पाय ठेवून डुलक्या काढायचा
आणि जाग आली की म्हणायचा, छान, छान, चालू दे.

मिलब्रिजनंतर धुकं. त्यानंतर एकाएकी
ब्लूबेरीची माळरानं, पानं लालभडक,
मैलभर, टेकडीच्या पार पलीकडे लाल.
मी चाळीसगावची. मला एवढंच सुचलं
की कोणीतरी अख्ख्या डोंगरावर मिरच्या वाळत घातल्यात,
आणि आभाळ तर भरून आलंय,
गोळा कोण करणार?

समुद्र आमच्याकडे नव्हताच.
पाणी म्हणजे पाटाचं आवर्तन,
गिरणेच्या धरणातून सुटायचं,
अर्ज करून, वाट बघून, रात्री कंदील घेऊन.
इथे दिवसातून दोनदा सुटतं,
कोणीही मागितलेलं नसताना,
आणि दोनदा परत नेतात.
मचायसच्या खाडीत होड्या चिखलावर कलंडून पडल्या होत्या,
दुपारी जेवून आडव्या झालेल्या बायकांसारख्या.

मुलीचा मेसेज: पोचलीस?
कुठे, ते तिनं विचारलं नाही.
मी अंगठा पाठवला.

लुबेकला जमीन संपते.
दीपगृह लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं,
शाळेतल्या पोराच्या मोज्यासारखं.
समोर कॅनडा, इतका जवळ
की तिथल्या घरातली वाळत घातलेली चादर दिसते.
फोननं तिथला टॉवर पकडला
आणि न विचारता एक तास पुढे गेला:
पाच वाजून दहा.
गाडीचं घड्याळ मी मार्चपासून लावलेलंच नाही,
ते एक तास मागे: तीन वाजून दहा.
खरे वाजले असतील ते या दोघांच्या मधले,
पण तसं सांगणारं गाडीत कोणी नव्हतं,
सफरचंदं असल्या गोष्टींत पडत नाहीत.

खाली चिखलात एक माणूस
वाकून शिंपले उकरत होता,
गुडघ्यापर्यंत बूट, मागे घसरती टोपली.
मी वरून ओरडून विचारलं, किती वाजले?
त्यानं मनगट पाहिलं नाही.
पाण्याकडे पाहिलं, लांब, बराच वेळ,
आणि म्हणाला, अजून दीड तास आहे.

कशाला, ते मी विचारलं नाही.
खिडकी खाली केली, इंजिन बंद केलं.
थंडी होती, आणि सडलेल्या शेवाळाचा वास,
जो वाईट नव्हता.
दीड तास म्हणजे पुष्कळ झाला.

पट्टा न सोडता पिशवीतून
एक सफरचंद निघतंय का पाहिलं.
निघालं.
आंबट होतं.
दुसरं काढलं.