सुटे पैसे

सकाळी गल्लीच्या टोकाला समुद्र नसतो.
तिथे पांढरी भिंत उभी असते, चौदा मजली.
त्या दिवशी मी दुकान अर्धा तास आधी उघडते.

गल्ल्यामागे वडिलांच्या वेळेपासूनचं संतांचं कॅलेंडर,
त्यावरच चिकटपट्टीने डकवलंय जहाजांचं वेळापत्रक.
सांता लुसीयाचा अर्धा चेहरा त्याखाली गेलाय.
ती डोळ्यांची संत. तिने समजून घ्यावं.

तीन हजार दोनशे माणसं उतरतात कादिसमध्ये
आणि आधी विचारतात, संडास कुठे.
मग पंखे घेतात, फ्रिजवरची चुंबकं घेतात,
केशराची एवढीशी डबी दहादा हुंगून
परत ठेवतात.
चपला कुणी घेत नाही. त्या पायात असतातच.
माझ्या दुकानात नुसत्या चपलाच आहेत.

लेवान्ते सुटला होता.
हा वारा सुटला की आमच्याकडे बायका
नवऱ्याशी भांडतात आणि वाऱ्यावर ढकलतात.

अकराच्या सुमारास ती आली.
एका सँडलचा पट्टा तुटलेला,
केसांच्या पिनेने अडकवलेला.
गळ्यात जहाजाचं कार्ड, त्यावर नंबर, नाव नाही.
तिची भाषा मला येईना, माझी तिला.
पाय मात्र मला वाचता येतात:
डावा अर्ध्या नंबराने मोठा, अंगठ्याशी हाड वाढलेलं,
जन्मभर उभ्याने काम केलेली बाई.

पट्टा मी दोन युरोत शिवून दिला असता.
पण भवानी व्हायची होती.
निळ्या काढल्या, दोरीच्या तळाच्या, सेहेचाळीस ऐंशी.
तिने पन्नासची नोट दिली.
सुटे नव्हते. नंतर देते, म्हटलं खुणेनंच.

तिने तोंडाकडे हात नेला, पोटावर ठेवला.
मी समोर दाखवलं: माझा दीर फेर्मीन, तळलेले मासे,
चार भाषांतलं मेनूकार्ड,
जहाजाच्या दिवशी दोन युरो महाग.
ती मान हलवून हसली.
आणि बोट माझ्याकडे केलं.
तू कुठे जेवतेस?

आम्ही जेवतो अडीचला. जहाजवाल्यांना बारालाच भूक लागते.
घड्याळावर अडीच दाखवले. ती गेली.
मला वाटलं, गेलीच.

शटर ओढताना उंबऱ्यावर निळी चप्पल.
हातात कागदात बांधलेली बाजारातली कोळंबी
आणि एक लिंबू.

मागच्या खोलीत, खोक्यांच्या मधोमध,
कालचे चणे-पालक, आजचा पाव.
आत्या एदुविहिस तिच्याशी तासभर बोलली
ट्यूनाच्या भावाबद्दल, मेलेल्या मांजराबद्दल,
पुन्हा ट्यूनाबद्दल.
ती मान डोलावत राहिली.
बारा वर्षांत आत्याचं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं,
मीही नाही.

आणि बोलणं ऐकता ऐकता तिने कोळंबी सोलली.
चिमटीचा एकच झटका, कवच वेगळं,
पुन्हा झटका, न बघता,
ढीग संपेपर्यंत श्वासही चुकला नाही.
तेव्हा कळलं, त्या पायांनी उभं राहून
हातांनी काय केलं असेल.
कुठल्या थंड शेडमध्ये, किती वर्षं, ते मात्र नाही कळलं.

सव्वाचारला भोंगा झाला.
दोरीच्या तळाने धावता येत नाही,
हे विकतानाच सांगायला हवं होतं.
फेर्मीनने स्कूटर काढली, पोटावर पिठाचा ॲप्रन,
मागे ती, मुठीत अर्धं लिंबू.
आत्या दारापर्यंत आली. एरवी ती उठत नाही.

पाचला गल्लीच्या टोकाला पुन्हा समुद्र होता.
स्टुलाखाली जुने सँडल, ती पीन,
आणि माझ्याकडे तिचे तीन युरो वीस.

कपात घालून गल्ल्यात ठेवलेत.
आत्या रोज विचारते, ती बाई आज यायची का?
वेळापत्रकात आहे: एकोणीस ऑक्टोबर, तेच जहाज.
जहाज तेच असतं, माणसं ती नसतात,
एवढं मला कळतं, मी काही खुळी नाही.

पट्टा शिवून ठेवलाय, दुहेरी टाक्याने.
त्याचे दोन युरो वजा केले.
कपात आता एक युरो वीस आहे.