तोंड बघून

अंधेरीचं हॉटेल बंद पडलं तेव्हा
त्यांची आठ फुटी काचेची टाकी मी उचलली,
सोबत चिलर, दोन पंप,
आणि तळाच्या वाळूत कुणाच्या तरी कानातली रिंग.
खारदांड्याला पहिल्या मजल्यावर चढवायला
नऊ माणसं लागली.
सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात उभे राहून
वर स्लॅबकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

दीड महिना नुसतं खारं पाणी फिरवलं.
शेजारचं पोर रोज विचारायचं,
मासे कधी उगवणार?

मग कुर्ल्याच्या सिराजने बिलाच्या पाठीवर यादी लिहिली:
एक सिंहमासा, एक ठिपक्यांचा हेकरू,
एक वाम, चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखी,
एक केंड, एक ट्रिगर.
खाली दोन रेघा मारून:
ट्रिगर सगळ्यात शेवटी.
आधी आला तर घर त्याचं.

चांगुणाआत्याने यादी हातात धरली, वाचली नाही.
चाळीस वर्षं ससून डॉकवर बसलेली बाई.
"तोंड दाखव," म्हणाली.
मी फोनवर एकेक फोटो लावत गेलो.

हेकरूपाशी तिने माझा हात धरला.
"याच्या पोटात मला एकदा अख्खी शेवंड मिळालेली, मिशांसकट.
आता वीतभर आहे म्हणून फसू नको.
दोन वर्षांनी याच्या तोंडात जे मावेल
ते आजच आणू नको."

केंडाला बघून हसली.
"हा? हा जाळ्यात आला की आम्ही परत फेकायचो.
केवढ्याला आणतोस?"
मी निम्मी किंमत सांगितली.
तरी तिने पदर तोंडाला लावला.

सिंहमाशावर ती बराच वेळ बोलली नाही.
"काटे आहेत, याला कुणी गिळणार नाय.
पण एवढा जरीचा पदर सोडून फिरतो,
तुझा तो शेवटचा कुरतडून कुरतडून मारेल याला."

ट्रिगरवर काट मारली.
मला सगळ्यांत तोच आवडला होता.

"यांचा दर्या कुठला?"
हा मालदीवचा, म्हटलं, हा इंडोनेशियाचा,
वामीचं सिराजलाही नक्की माहीत नाही.
"म्हणजे जन्मात यांची गाठ पडली नसती."
पण सिराज म्हणतो, जुळतात.
"जुळत नाय रे.
पोट भरलेलं असलं की
नजरेला नजर देत नाहीत, एवढंच."

आधी केंड आला, मग सिंहमासा, मग वाम.
हेकरू महिन्याने, बादलीतून मला न्याहाळत.
सिराजने तीन निळे चिमुकले मासे फुकट दिले होते,
मी आत्याला सांगितलं नव्हतं.
सकाळी दोन होते, रविवारी एक.
तो एक अजून आहे.
वामीच्या बिळाच्या अगदी उंबऱ्याशी राहतो
आणि वाम त्याच्यावरून डोकं बाहेर काढते.
आत्याला विचारलं, हे कसं?
तिने खांदे उडवले.
"सगळं मला म्हाईत असतं
तर टोपली घेऊन बसले असते होय?"

आता ती आठवड्यातून तीनदा येते,
माकूल आणि कोलंबी घेऊन.
माझ्या ओट्यावर बारीक तुकडे करते,
केंडासाठी कवचासकट, त्याचे दात झिजायला हवेत म्हणून.
हे तिला मी नाही सांगितलं.
सोमवार-गुरुवार काचेतही उपास.
बाजार तसाही मंदा असतो, म्हणते.

वामीने दुसऱ्याच आठवड्यात झाकण उचललं होतं.
पहाटे चार वाजता, हॉलच्या लादीवर,
चपलांपाशी, ओली, जिवंत.
मी टॉवेलमध्ये धरून परत सोडली,
हात दिवसभर थरथरत होते.
संध्याकाळी आत्याने तिच्या घरून वरवंटा आणला,
मसाल्याने पिवळा पडलेला,
आणि झाकणावर आडवा ठेवला.
"मिक्सर आहे माझ्याकडे," म्हणाली.

रात्री कधीतरी
काच आणि दगड यांच्यामध्ये
बारीकसा टक् आवाज होतो.
एकदा. मग थोड्या वेळाने परत.
मी उठत नाही.
फक्त मोजत पडून राहतो.