शेवटचं अक्षर

भोसरीत, पत्र्याच्या शेडखाली
दोन गाड्या लिफ्टवर. रंग एक, मॉडेल एक,
जन्मात चार महिन्यांचं अंतर.

इलियास मोटरच्या पोटाखाली टॉर्च धरतो,
अंगठ्यानं चिखल पुसत नंबर वाचतो.
सगळे आकडे सारखे. शेवटी फक्त
हिच्यावर सी, तिच्यावर जी.

"सी-चा इन्व्हर्टर जुना, काका.
जास्त करंट मागितला की तापतो,
मग आपणच हात आखडता घेतो.
जी-ला नुसतं कुलूप.
तांबं तेच, चुंबक तेच,
लॅपटॉप लावला की पन्नास घोडे मोकळे."

निफाडकर गप्प.
बुकिंगच्या पहिल्याच दिवशी पूर्ण पैसे भरले होते त्यांनी.

ओगलेबाई मात्र चष्मा काढतात.
"पाच वर्षं हे माझ्याकडे होतं?
आणि मी कात्रजच्या चढाला
ट्रकमागे गुमान?"
"चाळीस हजार, मॅडम. अर्ध्या तासाचं काम."
त्या हसतात.
"नको. असू दे आतच.
तेवढा नंबर कागदावर लिहून दे."

इलियास पेन शोधायला जातो.
निफाडकर खिशातला रुमाल काढून
खाली वाकतात, पुन्हा घासू लागतात.
सी-चं जी व्हायला
एक छोटी आडवी रेघच तर लागते.