मधोमध

मे महिन्यात दुपारी तीन वाजता
मी कूलर बंद केला.
ज्योत्स्ना आतून ओरडली, डोकं फिरलं का तुमचं,
शेहेचाळीस आहे बाहेर!
म्हटलं, दोनच मिनिटं. ऐकायचंय.

टेबलावर नातेवाइकांसारखा पसरलेला नवा कॉम्प्युटर,
पोटात निळे दिवे, तीन पंखे,
भरपूर जागा,
फक्त ती लांब काळी खाच नाही
जिच्यात हे कार्ड बसायचं.
कार्ड म्हणजे वीतभर हिरवी पाटी,
बर्डीवरच्या गल्लीत सहारेनं दुकान आवरलं तेव्हा
दीडशे रुपयांत घेतलेली, जॉयस्टिकसकट.
आवाजही तिच्यातूनच यायचा,
दांडाही तिलाच लागायचा.
एकीला जागं केल्याशिवाय
दुसरा उठणार नाही, असं घर.

मदरबोर्डच्या कोपऱ्यात काही पिना असतात,
कुणी वापरत नाही त्या.
तिथून एक बोटभर पूल टाकला.
पत्ता दोनशे वीस. हाक मारायची घंटा पाच नंबरची.
काही नाही.
जंपर उपटला, सातवर लावला.
कूलर बंद, पंखा बंद, श्वाससुद्धा जरा बंद.
आणि स्पीकरमधून
खर्र…
पाणी येण्याआधी नळ करतो तसा.

आता दांडा.
दांडा आकडे सांगत नाही, वेळ सांगतो.
विचारलं की एक कपॅसिटर हळूहळू भरतो,
किती वेळ लागला ते मोजायचं,
त्यावरून कळतं हात कुठे आहे.
जुनी मशीन मोजत बसायची, एक, दोन, तीन.
ही नवी इतकी घाईची
की मोजता मोजता तिचे आकडेच संपतात
आणि ती म्हणते, दांडा नाहीच.
तिला थांबायला शिकवण्यात
माझा शनिवार गेला. रविवार गेला.
दर प्रश्नानंतर थोडं रिकामं ठेवलं,
जसं कमी ऐकणाऱ्या माणसाशी बोलताना ठेवतो.

मग पडद्यावर आलं:
दांडा मधोमध सोडा. हात काढा.

हात काढला.
फुली मधोमध थांबली नाही.
सावकाश, कुणी न ढकलता,
डावीकडे गेली.

पुन्हा केलं. पुन्हा डावीकडे.

देवानंद उरकुडे.
सत्त्याण्णवची फायनल, बक्षीस चौदा इंची कलर टीव्ही,
दोघांनी शंभर-शंभर भरलेले.
त्याचं विमान डावीकडे कलत गेलं, कलत गेलं,
आणि पाण्यात.
मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो,
तुझा हातच वाकडा आहे बे.
त्यानंतर तो बर्डीवर आला नाही.
आयटीआय झालं त्याचं, मग वणीकडे खाणीत लागला,
लग्नाची पत्रिका आली होती, मी गेलो नव्हतो.

नंबर त्याच्या भाच्याकडून मिळाला.
मागे मोठ्ठी मशीन घरघरत होती.
"ड्रॅगलाइन चालवतो," म्हणाला, "दोन दांडे असते तिले,
एका हाताले एक."
मी सांगितलं सगळं. कार्ड, पूल, फुली.
सांगितलं, दांडाच झिजला होता, डाव्या बाजूनं.
तुझा हात सरळ होता.

थोडा वेळ नुसती घरघर.
"मले तवाच माहीत होतं बे, डांगरे.
मी उजवीकडे दाबूनच धरत होतो पुरा टाइम.
अंगठ्याले फोड आला होता."

मग सांगितलं काऊन नाही?

"तू मोठ्यानं बोलून राहिला होता."

ज्योत्स्नानं कूलर लावला तो मला न विचारताच.
वाळ्याचा ओला वास खोलीभर आला,
आणि त्या आवाजात कार्डाची खरखर बुडाली.
दांड्याच्या बुडाशी एक बारीक चाक असतं,
ते फिरवलं की मध्य जागेवर येतो.
मी नखानं ते चाचपलं.
राहू दिलं.
पडद्यावर एक विमान डावीकडे कलत होतं,
मी उजवीकडे दाबून धरलं,
किती वेळ धरता येतं ते बघत.