पंधरा फूट

हॅव्हरहून निघालो तेव्हा हातमोजे काढवत नव्हते,
बाबांनी ते काढलेच,
टो-बारची खीळ उघड्या बोटांनी चाचपायला.
चाळीस वर्षं रेल्वे यार्डात मालडबे जोडले त्यांनी;
मी घातलेली खीळ पसंत पडणं शक्यच नव्हतं.
काढली, पुसली, पुन्हा घातली,
वर हातोडीचा एक टोला.
साखळ्या खालून फुली मारून ओढल्या:
"तुटलंच, तर नाक जमिनीला लागता कामा नये."

पुढे माझा फोर्ड पिकअप, मागे त्यांची सुबारू,
एक्क्याण्णवची, निळी म्हणावी इतपत निळी,
मागच्या सीटवर आईचं शिवणयंत्र
आणि तीन खोकी, ज्यांच्यावर 'नंतर बघू' एवढंच लिहिलंय.

किल्ली मार्चमध्ये मी काढून घेतली होती,
डॉक्टरांच्या पत्रासोबत, त्याच पाकिटात.
आयनार टांडबर्ग, वय त्र्याऐंशी, यापुढे वाहन चालवू नये.
त्यावर आमचं बोलणं तीन वाक्यांचं झालं,
मग सगळा उन्हाळा गेला.

आता तीच किल्ली तिच्या जागी लावून ठेवावी लागली,
अर्धी फिरवून. नाहीतर स्टिअरिंग अडकतं
आणि वळणावर मागची गाडी आपलंच खरं करते.
पुस्तिकेत आहे, पान एकशे बारा.
"मला पान सांगू नकोस," बाबा म्हणाले.

राउंडअप. बिलिंग्ज. शेरिडन.
रस्ता वळला की आरशात
रिकाम्या सीटपुढचं चाक आपोआप वळतं,
माझ्यामागून अर्ध्या क्षणानं,
समजूतदारपणे.
मी सारखी बघते. बाबा बघत नाहीत,
किंवा त्यांच्या बाजूच्या आरशात बघत असतील,
तो मला दिसत नाही.

डग्लसला पेट्रोल भरायला मी चुकीच्या बाजूनं शिरले.
समोर भिंत, बर्फाच्या पिशव्यांचं कपाट,
डावीकडे गवताच्या गठ्ठ्यांचा लांबलचक ट्रेलर,
मालक जेवायला गेलेला.
आणि आमचं हे प्रकरण मागे घेता येत नाही.
चार हात सरकलं की
सुबारूची पुढची चाकं मान मुरगाळून बसतात.
हेही त्याच पानावर होतं. ठळक अक्षरांत.

मी काही बोलायच्या आत बाबा उतरले होते.
"खीळ काढ."

काढली. ते सुबारूकडे गेले, दार उघडलं,
तर आत कोणीतरी बोलतंय.
रेडिओ.
मोन्टानापासून चालू, ऐकायला कोणी नसताना;
खरखरीच्या तळाशी
कुठल्यातरी कौंटीतले गव्हाचे भाव.
"बघ, बॅटरी कुठे गेली ते," म्हणत ते बसले.

इंजिन खोकलं, थांबलं, खोकलं, लागलं.
उजवा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकून
त्यांनी मान मागे वळवली
(मी आठ वर्षांची असताना तो हात
माझ्या डोक्यामागे यायचा, ग्रीसचा वास घेऊन)
आणि पंधरा फूट मागे.
सुतात.
पंपावरचा पोरगा फरशी पुसायचं सोडून बघत होता.
त्यानं अंगठा वर केला.
बाबांनी नाही केला.

उतरले मात्र नाहीत.
त्यांच्या उजवीकडे हायवेचा चढ मोकळा होता.
मी पिकअप मागे घ्यायला हवा होता;
मी खीळ हातात धरून उभी.

काच खाली आली.
"जरा चार्ज होऊ दे."
होऊ दे, मी म्हटलं.
वीस मिनिटं आम्ही दोघं
दोन गाड्यांत बसून होतो.

पुन्हा जोडताना खीळ मी घातली.
त्यांनी हातोडी मागितली, मग म्हणाले, राहू दे.

प्वेब्लो अजून पाच तास.
वारा आडवा, सुबारूचं शेपूट जरासं डुलणारं.
चगवॉटरच्या पुढे कधीतरी मला आठवलं:
"बाबा, रेडिओ बंद करायचा राहिला."

"माहीत आहे," ते म्हणाले.