वाऱ्याची बाजू

रात्री साडेनऊलाही खिडकीत उजेड, लिंगेनचा एप्रिल.
गुनवोर जेवणाचं टेबल पुसून
त्यावर डोंगराची तयारी मांडते:
फावडं, दांड्याला लाल चिकटपट्टी,
आणि घडीची काठी, उघडली की तीन मीटर,
म्हणजे माणूस किती खोल गाडला जाईल
याचा कुणीतरी केलेला अंदाज.

स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या
शेगडीवरच्या दोरीला वाळताहेत.
एका दिशेने हात फिरवला तर मांजर,
उलट फिरवला तर करवत.

दुसरा थर्मास ती काढून टाकते,
मग परत घालते.

बीकनची बॅटरी निम्मी आहे.
"निम्मी म्हणजे संपलेली," म्हणत
ते सेल काढून रेडिओत घालते.
बातम्यांना चालतील.

बीकन माझ्या छातीशी बांधताना
तिची बोटं पट्ट्याच्या एका जुन्या भोकाशी थांबतात.
भोक माझ्याहून बारीक माणसाचं आहे.
मी विचारत नाही.

सकाळी सहा. टपावर स्की,
आणि ती गाडीचं दार धरून वर बघत उभी.
कड्यावरून बर्फ उडतंय,
पीठ चाळावं तसं, बारीक.
रात्रीत वारा फिरला,
आमच्या उतरणीवर रचत राहिला.

"नाही."
फोनवर आयस्टाइनलाही एवढंच.

दुसरा थर्मास आम्ही बॉनेटवरच संपवतो.
"बंद कर तो," माझ्या छातीकडे बघत म्हणते,
"बॅटरी जाते."
स्वतःचा मात्र
घरी पोचेपर्यंत चालू ठेवते.